तिरप्या चिलखताचा आकडा : युद्धखेळांतील रणगाडा-प्रतिमानाची एक चिकित्सा

गोषवारा : रणगाड्यांच्या युद्धखेळांत आणि संगणकीय सिम्युलेशनमध्ये तिरप्या चिलखताचे संरक्षण बहुधा 'परिणामी जाडी' या एका आकड्यात सांगितले जाते. हा आकडा कोसाइनच्या सूत्राने मिळतो. प्रस्तुत निबंधात या आकड्याची भूमितीच्या, पदार्थविज्ञानाच्या आणि युद्धेतिहासाच्या बाजूने तपासणी केली आहे. १९६५ मधील असल उत्तरची लढाई व तीत लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य यांच्या नेतृत्वाखाली लढलेली डेक्कन हॉर्स ही पलटण हा चिकित्सेचा मुख्य आधार आहे.

बीजशब्द : तिरपे चिलखत, आपतनकोन, युद्धखेळ, प्रतिमान, असल उत्तर, डेक्कन हॉर्स.

प्रस्तावना

पदवीच्या पहिल्या वर्षाला त्रिकोणमिती शिकविताना कोसाइनचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो. एका वर्षी त्याचे उत्तर एका विद्यार्थ्यानेच दिले. मोबाइलवर रणगाड्यांचा खेळ खेळणाऱ्या या मुलाने फळ्यावर येऊन ११० भागिले कोसाइन ६० बरोबर २२० असे मांडले आणि 'हा पॅटन' असे सांगितले. त्याच्या शेजारी ५१ भागिले कोसाइन ५६ बरोबर ९१ असे लिहून 'हा शर्मन' म्हणाला. दोन्ही उत्तरे बिनचूक होती. मग त्याने जे विचारले, त्यातून हा निबंध लिहावासा वाटला. "सर, मग असल उत्तरला शर्मन हरायलाच हवे होते ना?"

या प्रश्नाला आपल्याकडे सहसा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे शौर्य. शौर्य होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ज्या आकड्याने पराभव अटळ ठरविला तो आकडा न तपासता त्याच्यावर शौर्याची मात दाखविली, की आकडाही शाबूत राहतो आणि इतिहासही चमत्काराच्या खात्यावर जमा होतो. असल उत्तरला ज्यांनी जागा निवडली, अंतर ठरविले, पाणी सोडले आणि पीक उभे ठेवले, त्यांच्या निर्णयांचे श्रेय मात्र यात हरवते. म्हणून आकड्याची तपासणी करणे हे केवळ खेळाडूंचे काम नव्हे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कोसाइनने काय सांगितले आणि काय नाही

पोलादाचा एक पत्रा उभा न ठेवता मागे कलता ठेवला, की समोरून आडव्या रेषेत येणाऱ्या गोळ्याला त्यातून जास्त अंतर कापावे लागते. पत्र्याची जाडी जर ज असेल आणि उभ्या रेषेशी त्याचा कल क असेल, तर हे अंतर ज भागिले कोसाइन क इतके भरते. रशियन टी-३४ रणगाड्याचा पुढचा पत्रा ४५ मिमी जाडीचा व ६० अंश कललेला होता. त्याचे आडवे अंतर ९० मिमी येते. जर्मन पँथरचा पुढचा पत्रा ८० मिमी व ५५ अंशांचा असून त्याचे अंतर सुमारे १४० मिमी भरते. सेंच्युरियनच्या ७६ मिमी व ५७ अंशांच्या पत्र्याचे अंतरही जवळजवळ तेवढेच, म्हणजे १४० मिमी. युद्धखेळांच्या तक्त्यांत आपण जे आकडे वाचतो ते मुख्यतः असे तयार झालेले असतात.

आता यातील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पत्रा कलता केला, की तीच उंची झाकण्यासाठी तो लांब करावा लागतो. किती लांब? नेमका तेवढ्याच पटीने, म्हणजे एक भागिले कोसाइन क. साठ अंशांवर ४५ मिमी जाडीचा पत्रा दुप्पट लांब लागतो आणि त्याचे वजन ९० मिमीच्या उभ्या पत्र्याइतकेच भरते. म्हणजे गोळ्याच्या वाटेतील पोलादाची लांबी एवढाच जर तिरपेपणाचा लाभ असता, तर वजनाच्या हिशेबात तो लाभच नव्हता. तेवढ्याच वजनात तेवढीच जाडी उभी करता आली असती, आणि आतील माणसांना हातपाय हलवायला जागाही अधिक मिळाली असती. रणगाड्याचे छत आखूड होते हा एक किरकोळ फायदा सोडला, तर तिरपे चिलखत करण्याचा खटाटोप कोणी केलाच नसता. तरीही १९४० नंतरच्या अभियंत्यांनी तो केला, कारण पत्रा तिरपा असला म्हणजे जे घडते ते भूमितीपेक्षा वेगळे असते. गोळ्याच्या नाकावर एका बाजूने जास्त दाब येतो, तो वळतो, कधी घसरून निघून जातो, कधी त्याचे टोकच तुटते. यामुळे मिळणारे संरक्षण कोसाइनच्या आकड्याहून अधिक असू शकते, आणि काही परिस्थितीत फारसे अधिक नसतेही.

तात्पर्य, जो खेळ केवळ कोसाइन मोजतो, तो तिरप्या चिलखताचे कौतुक करीत असतानाच ते निरुपयोगी होते असे नकळत सांगत असतो. ही विसंगती सर्वसाधारण तक्त्यांत इतकी रुळली आहे, की ती खटकतही नाही.

अधिक किंवा उणे कशावर ठरते, याचेही थोडे विवेचन आवश्यक आहे. यातील पहिली गोष्ट म्हणजे पत्र्याची जाडी आणि गोळ्याचा व्यास यांचे गुणोत्तर. पत्रा गोळ्याच्या व्यासाच्या मानाने जाड असेल, तर कलाचा परिणाम कोसाइनच्या पुष्कळ पुढे जातो. पत्रा पातळ असेल, तर मोठा गोळा त्याला रेटूनच आत शिरतो. टी-३४ च्या ४५ मिमी पत्र्यासमोर ३७ मिमीचा गोळा आणि ८८ मिमीचा गोळा या दोन निरनिराळ्या घटना आहेत. पत्रा मात्र तोच आणि त्याचा ९० हा आकडाही तोच. लॉरिन बर्ड व रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या महायुद्धातील गोळामारीवरील ग्रंथात कलाचा गुणक याच गुणोत्तराच्या घातावर बसविला आहे. युद्धखेळ रचणाऱ्यांच्या वर्तुळात त्या ग्रंथाचा बराच वापर झाला, ही समाधानाची बाब होय.

दुसरी गोष्ट गोळ्याची जात. टोपी बसविलेला पोलादी गोळा पत्र्याला लागताच थोडा लंबाच्या दिशेने वळतो. टंगस्टनचा गाभा असलेला प्रारंभीचा वेगवान गोळा सरळ पत्र्यावर प्रभावी असे, पण फार कललेल्या पत्र्यावर त्याचा गाभा तुटे, म्हणून कलाचा त्रास त्याला अधिक होई. पोकळ-भार गोळ्याला वेगाचे काही देणेघेणे नसते. त्याची धातूची धार वाटेत येणारे पोलाद मोजते, त्यामुळे कोसाइनचे सूत्र त्याला बऱ्यापैकी लागू पडते. अलीकडच्या लांब बाणासारख्या गोळ्यांनाही ते ढोबळमानाने लागू पडते.

तिसरी गोष्ट पोलादाचा दर्जा. नॉर्मंडीतील इझिन्यी येथे ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याने हाती लागलेल्या पँथरवर प्रत्यक्ष गोळामारी करून पाहिली, तेव्हा एकाच जातीच्या रणगाड्यांच्या पुढच्या पत्र्यांच्या दर्जात मोठी तफावत आढळली. काही पत्रे टिकले, काही तडकले. तक्त्यात मात्र सगळे पँथर सारखेच असतात.

शेवटी एक लहानसा पण नित्याचा सापळा. कल कोणत्या रेषेपासून मोजला? इंग्रज व अमेरिकन कागदपत्रांत तो प्रायः उभ्या रेषेपासून, तर जर्मन आराखड्यांत आडव्या रेषेपासून दिलेला असतो. पँथरचे ५५ अंश आणि ३५ अंश हे एकाच पत्र्याचे दोन पत्ते आहेत. चुकून ३५ चा कोसाइन घेतला तर १४० मिमीऐवजी ९८ मिमी येतात. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही चूक आम्ही रोज पाहतो. छापील तक्त्यांतही ती होऊ शकते, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

युद्धखेळांची परंपरा

१९७० मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'पँझरब्लिट्झ' या पटावरील खेळात प्रत्येक तुकडीला हल्ल्याचा एक व बचावाचा एक आकडा असे. रणगाड्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, याचा त्यात विचारच नव्हता. चिलखताचा कल, जाडी, बुरूज, कडी-कोयंडे सगळे त्या एका बचावाच्या आकड्यात विरघळून गेलेले. यावर पुष्कळ टीका झाली असली, तरी प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. त्या खेळात एक सोंगटी म्हणजे एक रणगाडा नसून एक पलाटण होती. तेवढ्या अंतरावरून पाहताना पत्र्याचा कल दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्ट न दाखविणे हा प्रामाणिकपणाच होय.

१९८५ मधील 'अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' मध्ये एकेक रणगाडा आला व त्याबरोबर पुढचे चिलखत आणि बाजूचे व मागचे चिलखत असे निरनिराळे आकडे आले. हे आकडे ठरावीक पायऱ्यांनी चढतात : ६, ८, ११, १४, १८. तोफेच्या आकड्यातून चिलखताचा आकडा वजा करायचा आणि दोन फाशांचे दान त्यापेक्षा जास्त पडू द्यायचे नाही. कल हा या पायऱ्यांत आधीच मिसळलेला असतो. यात एक गुण आहे, तो असा की रणगाड्याची बाजू उघडी पडणे म्हणजे काय, हे खेळाडूला चटकन कळते. दोष असा, की कल मिसळताना कोणता गोळा गृहीत धरला ते सोंगटीवर लिहिलेले नसते. ३७ मिमीचा गोळा आणि ८८ मिमीचा गोळा दोघेही त्याच पायरीवर डोके आपटतात.

संगणक आल्यावर हा हिशेब प्रत्येक गोळ्यासाठी वेगळा करणे शक्य झाले. २००० मधील 'कॉम्बॅट मिशन' या खेळाने गोळा कोणत्या कोनातून आला, रणगाडा कोणत्या उतारावर उभा आहे, हे लक्षात घेऊन आघात मोजला. आमच्या मते युद्धखेळांच्या परंपरेतील हे सर्वांत महत्त्वाचे पाऊल होते. त्याचे कारण पुढे येईलच.

त्यानंतर २०१० मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ टँक्स' ने मात्र वेगळीच वाट धरली. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात या घराण्याचेच खेळ असल्याने त्याचे नियम पाहण्यासारखे आहेत. साधा चिलखतभेदी गोळा पत्र्याला लागला, की त्याचा कोन ५ अंशांनी लंबाकडे वळविला जातो, टंगस्टनी गोळ्याचा २ अंशांनी. ७० अंशांच्या पुढे गोळा घसरलाच पाहिजे असा नियम आहे. पण गोळ्याचा व्यास पत्र्याच्या जाडीच्या तिपटीहून अधिक असेल, तर तो घसरणारच नाही, असा दुसरा नियम आहे. गोळ्याची भेदनक्षमता दर वेळी सरासरीच्या २५ टक्के वरखाली होते. यातील प्रत्येक नियमामागे खऱ्या घटनेची सावली आहे. गोळा वळतो, घसरतो आणि मोठा गोळा पातळ पत्र्याला जुमानत नाही, हे सारे खरेच आहे. परंतु निसर्गात ६९ आणि ७१ अंशांच्या मध्ये भिंत नसते. पोलादाच्या चाचण्यांत तर ज्या वेगाला निम्मे गोळे आरपार जातात तो वेग मर्यादा म्हणून मानण्याची पद्धत आहे. म्हणजे मर्यादा ही रेषा नसून एक पट्टा आहे, हे तेथे आधीच मान्य केलेले असते. खेळात पट्ट्याची रेषा होते, आणि रेषा झाली की तिचा डाव करता येतो. रणगाडा भिंतीच्या कोपऱ्याआड तिरपा उभा करून फक्त ७१ अंशांची बाजू दाखवायची, ही युक्ती या खेळाडूंत सर्वश्रुत आहे. ही युक्ती खेळाच्या नियमांची आहे, रणगाड्याच्या युद्धाची नव्हे. मुलांना हा फरक सांगावा लागतो, आणि सांगितल्यावर ती थोडी हिरमुसतातही.

कल हा पत्र्याचा गुण नव्हे

वरील सर्व टीका तपशिलाची झाली. गुणक सुधारले, गोळ्यांच्या जाती वेगळ्या केल्या, भिंतीच्या जागी पट्टा आणला, तर ती शमू शकते. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे. तक्त्यात 'पॅटन : पुढे ११० मिमी, ६० अंश' असे लिहिले जाते, तेव्हा ६० अंश हा ११० मिमीसारखाच त्या पत्र्याचा अंगभूत गुण मानला जातो. जाडी पत्र्याबरोबर फिरते, कोन मात्र तसा फिरत नाही. पत्र्याचा लंब आणि येणाऱ्या गोळ्याची वाट यांच्यातील तो संबंध आहे. गोळा झाडणारा कोठे उभा आहे आणि रणगाडा कशावर उभा आहे, हे समजल्याशिवाय तो सांगताच येत नाही.

हे आकड्यांनी पाहू. एम-४८ पॅटनचा ११० मिमीचा पुढचा पत्रा सपाट जमिनीवर समोरून २२० मिमी भरतो. आता हा रणगाडा दहा अंशांचा बांध चढतो आहे असे समजा. पत्रा आणखी दहा अंश मागे कलतो, कोन ७० होतो आणि आडवे अंतर ३२२ मिमीवर जाते. तोच रणगाडा बांधाच्या माथ्यावरून पुढे झुकला, की कोन ५० होतो आणि अंतर १७१ मिमी उरते. एकच रणगाडा, एकच पत्रा, एकच तोफ. मध्ये फक्त शेतातला एक बांध आहे. तरीही ३२२ आणि १७१ यांच्यातील फरक ५१ मिमीच्या तीन पत्र्यांइतका आहे. हा केवळ कोसाइनचा हिशेब झाला. वर सांगितलेला गुणोत्तराचा परिणाम जमेस धरला तर दरी आणखी रुंदावेल.

आडव्या दिशेतही तेच. गोळा समोरून न येता ३० अंश बाजूने आला, तर दोन्ही कोनांच्या कोसाइनांचा गुणाकार करावा लागतो. ०.५ गुणिले ०.८६६ बरोबर ०.४३३, आणि पुढचा पत्रा २२० ऐवजी २५४ मिमी भरतो. म्हणजे किंचित तिरपे उभे राहणे पुढच्या पत्र्याला लाभदायकच. पण त्याच क्षणी बाजूचा पत्रा गोळ्याच्या वाटेत येऊ लागतो. पॅटनची बाजू पुढच्या भागात ७६ मिमी आणि मागच्या भागात ५१ मिमी होती. ३० अंश वळलेल्या रणगाड्याची बाजू अजून १५२ मिमी भरते. ६० अंश वळल्यास ती ८८ वर येते आणि काटकोनात ७६ वर. पॅटनचा सांगाडा ओतीव व वक्र असल्याने हे आकडे जागोजागी थोडे बदलतील, परंतु दिशा बदलणार नाही. २२० ते ७६ हा सगळा उतार एकाच वाहनाच्या अंगावर आहे. शत्रूला यातील कोणता आकडा भेटणार, हे वाहन बांधणारा ठरवीत नाही.

शर्मनच्या ७६ मिमी तोफेची पाचशे यार्डांवरची भेदनक्षमता, ३० अंश आपतनकोन धरून, ९० मिमीच्या आसपास नोंदलेली आहे. या तोफेने पॅटनचे २२० मिमी भेदणे शक्य नाही. पॅटनची बाजू भेदणे मात्र तिच्या आवाक्यात येते. आमच्या विद्यार्थ्याने फळ्यावर लिहिलेल्या दोन आकड्यांत ही दुसरी शक्यता कोठेच नव्हती, कारण त्याच्या तक्त्यात रणगाडे नेहमी एकमेकांसमोर उभे होते.

असल उत्तर

सप्टेंबर १९६५ च्या पहिल्या आठवड्यात पंजाबातील खेमकरण भागात भारताचा चौथा पर्वतीय डिव्हिजन मागे हटून असल उत्तर या गावाभोवती बचावाला बसला. समोर पाकिस्तानचा पहिला चिलखती डिव्हिजन, त्यात एम-४७ व एम-४८ पॅटन. भारताच्या बाजूने दुसऱ्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडच्या सेंच्युरियन रणगाड्यांची तिसरी कॅव्हलरी, एएमएक्स-१३ या हलक्या रणगाड्यांची आठवी कॅव्हलरी आणि महायुद्धकालीन शर्मन घेतलेली नववी डेक्कन हॉर्स होती.

डेक्कन हॉर्सचा आपल्या भागाशी असलेला संबंध फारसा कोणाच्या लक्षात नसतो. या पलटणीची परंपरा निजामाच्या काळातील हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळापर्यंत मागे जाते, आणि त्या कंटिन्जंटची एक छावणी हिंगोलीला होती. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. १९६५ साली या पलटणीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य या मराठी अधिकाऱ्याकडे होते. पुढे १९८३ ते १९८६ या काळात तेच भारताचे लष्करप्रमुख झाले. असल उत्तर व चीमा येथील लढाईसाठी त्यांना महावीरचक्र देण्यात आले.

८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत जे घडले, त्याची रूपरेषा सर्वांस ठाऊक आहे. भारतीय बचाव घोड्याच्या नालाच्या आकाराचा होता. उभ्या उसाच्या आड रणगाडे व रिकॉइललेस तोफा दडविलेल्या होत्या. कालव्यांचे पाणी शेतांत सोडलेले होते. पॅटन त्या नालाच्या पोटात शिरले. नालाच्या आकाराचा भूमितीय अर्थ एवढाच, की आत शिरणाऱ्या रणगाड्याने तोंड कोणत्याही दिशेला केले तरी त्याची बाजू कोणाला तरी काटकोनात दिसणारच. ६० अंशांचा पत्रा एका तोफेसमोर राहील आणि ७६ मिमीची उभी बाजू दुसरीसमोर. येथे तिरप्या चिलखताचा पराभव झाला असे म्हणणे चुकीचे आहे. त्याला लढायची संधीच मिळाली नाही.

पाण्याचे महत्त्व झरीच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या काळ्या जमिनीत बैलगाडीचे चाक रुतले, की गाडीवानाला गाडी कोणत्या दिशेला न्यायची हे ठरविता येत नाही. गाडी जिकडे जाईल तिकडे जाते. खेमकरणची जमीन काळी नव्हे, पण सोडलेल्या पाण्याने तिने तेच केले. चाळीस टनांहून जड पॅटन रुतला, की त्याला तोंड फिरविणे जड जाते. तोंड फिरविता आले नाही, की आपतनकोन निवडण्याचा अधिकार रणगाड्याकडून जातो आणि तोफेकडे येतो. १० तारखेला बगलेने वळसा घालू पाहणाऱ्या पाकिस्तानी रणगाड्यांची पाणथळ शेतांत जी अवस्था झाली, ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. कित्येक रणगाडे तर चिलखताला छिद्र न पडताच सोडून दिले गेले. भारतीय नोंदींनुसार या लढाईत पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले. त्यांतील न फुटलेल्या रणगाड्यांचा जाब कोणत्याही भेदनतक्त्याला देता येणार नाही.

अब्दुल हमीद यांच्या जीपवरील १०६ मिमी रिकॉइललेस तोफेची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. त्या तोफेचा पोकळ-भार गोळा सुमारे ४०० मिमी पोलाद भेदत असे. त्याच्यापुढे पॅटनचा समोरचा २२० चा आकडाही अपुरा होता. म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने तोफ समर्थ होती. तरीही त्या कृत्याचे मोल उणे होत नाही, कारण तक्ता सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे चिलखत नसलेल्या उघड्या जीपमध्ये बसून तेवढ्या जवळ जाणे. येथे शौर्याचा शब्द नेमक्या जागी येतो. आकड्याचा दोष झाकण्यासाठी त्याची गरज पडत नाही.

उसाविषयी एक शब्द. ऊस गोळा अडवीत नाही, त्यामुळे युद्धखेळांच्या पटावर तो 'दृष्टीआड' एवढ्याच नोंदीचा धनी होतो. परंतु दृष्टीआड असणे म्हणजे पहिला गोळा कधी आणि कोणत्या बाजूने झाडायचा याची निवड असणे. शर्मनच्या तोफेला पाचशे यार्ड जवळ येऊ देणे आणि बाजू दिसेपर्यंत थांबणे, या दोन्ही गोष्टी आडोशाशिवाय शक्य नाहीत. अंतर कमी झाले की गोळ्याचा वेग टिकतो, बाजू दिसली की कोन मिळतो. म्हणून ऊस हा चिलखताच्या गणितातील घटक आहे, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

१९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत वैद्य हे सोळाव्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख होते आणि त्यांना महावीरचक्र दुसऱ्यांदा मिळाले. त्याच ब्रिगेडमधील पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १६ डिसेंबरला अगदी जवळच्या अंतरावर पॅटनशी लढताना वीरगतीस प्राप्त झाले. त्यांचा जन्म पुण्याचा. तेथे सुरुंगांचे पट्टे होते. सुरुंगातून काढलेली वाट अरुंद असते आणि त्या वाटेने जाणाऱ्या रणगाड्याचे तोंड कोणत्या दिशेला असणार, हे वाटच ठरविते. हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्याने येथे एवढाच उल्लेख पुरे.

पुण्याच्या प्रयोगशाळांचा दाखला

'परिणामी जाडी' या कल्पनेची मर्यादा महाराष्ट्रातच झालेल्या एका कामातून अधिक स्पष्ट होते. पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने रणगाड्यांसाठी स्फोटक प्रतिक्रियाशील चिलखत विकसित केले. यात दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये स्फोटकाचा थर असतो. पोकळ-भार गोळ्याची धार आत शिरताच थर उडतो, आणि दूर फेकले जाणारे पत्रे त्या धारेला आडवे कापत जातात. धार पत्र्यांना लंब असेल, तर पत्रे तिच्याच रेषेत मागेपुढे सरकतात आणि कापण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून हे चिलखत तिरपेच बसवावे लागते. येथे कल म्हणजे जाडी वाढविण्याचे साधन नव्हे, कल ही यंत्रणाच आहे. त्याचा मिलिमीटरचा आकडा काढणाऱ्या खेळात एकाच पेटीला समोरून शेकडो मिमी व काटकोनातून जवळजवळ शून्य द्यावे लागेल. असे करणारे खेळ थोडे आहेत. बहुतेकांत त्या पेटीवर एक ठरावीक आकडा चिकटविलेला असतो आणि तो सर्व बाजूंनी सारखा वाचला जातो.

पुण्याच्याच आयुध संशोधन व विकास संस्थेने अर्जुन रणगाड्याची १२० मिमी तोफ व तिचा बाणासारखा लांब गोळा विकसित केला. असा गोळा साध्या कललेल्या पत्र्यावरून सहजासहजी घसरत नाही. ज्या घसरण्यामुळे १९४० च्या दशकात तिरपेपणा वजनाच्या हिशेबात परवडत होता, तो लाभ या गोळ्यापुढे बराचसा संपला. १९६५ च्या रणगाड्याला आणि आजच्या रणगाड्याला एकाच सूत्राने मोजणारी सिम्युलेशने या बदलाविषयी काहीच बोलत नाहीत.

वर्गातील उपयोगाविषयी

युद्धखेळ वर्गात वापरू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. उलट, कोसाइनचे मोल पटवून देण्यास याहून चांगले साधन आमच्या ग्रंथालयात नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या विद्यार्थ्यांना अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात नेले, तर पॅटन आणि शर्मन डोळ्यांनी पाहता येतात. गवंड्याचा ओळंबा आणि वहीतील कोनमापक यांची कल्पना मनात ठेवून पत्र्याचा कल अजमावता येतो. आमचा आग्रह इतकाच, की तक्त्यातील एका आकड्याच्या जागी आकड्यांचा पल्ला लिहावा, आणि पल्ल्याच्या दोन्ही टोकांना जमीन कशी होती व गोळा कोठून आला, हे नमूद करावे. पॅटनसमोर २२० न लिहिता बांध चढताना ३२२, उतरताना १७१, बाजूने ७६ असे लिहिले, की विद्यार्थी आपोआप पुढचा प्रश्न विचारतो : बांध कोठे होता?

आमच्या त्या विद्यार्थ्याने नंतर फळ्यावरचा शर्मन पुसला आणि पॅटनच्या भोवती नालाच्या आकाराचे सात ठिपके काढले. प्रत्येक ठिपक्यापासून पॅटनच्या पुढच्या व बाजूच्या पत्र्यापर्यंतचे अंतर त्याने वेगवेगळे मोजले. सातांपैकी चार ठिपक्यांपासून बाजूचा आकडा शंभराच्या आत आला. मग त्याने पॅटन थोडा वळवून पुन्हा मोजले. आकडे बदलले, पण शंभराच्या आतले ठिपके संपले नाहीत, फक्त त्यांच्या जागा बदलल्या. तासाची घंटा झाली तेव्हा त्याचा तिसरा हिशेब चालू होता, ज्यात पॅटन वळूच शकत नव्हता.